घराची पत्रिका पाहिली का?

सँपल फ्लॅट झक्कास, एजंट गोडबोल्या, बँक लोन द्यायला एका पायावर तयार. मग अडतंय कुठे? थांबा बॉस! टोकनचा चेक फाडण्याआधी घराचे कागद बघायचा तुम्हाला हक्क आहे. तो कुठून आला आणि वापरायचा कसा, ते वाचा.

आपल्याकडे लग्न ठरवण्याचा एक क्रम असतो. आधी पत्रिका, मग चहापोहे, मग चौकशी. मुलगा नक्की कुठे कामाला आहे, पगार खरंच तेवढा आहे का, सख्ख्या काकाशी बोलणं का बंद आहे, सगळं विचारून होतं आणि मगच साखरपुडा. लव्ह मॅरेज असलं तरी आई कुणाकडून तरी गुपचूप माहिती काढतेच! घराच्या बाबतीत मात्र आपण सगळे एकदम हिंदी सिनेमातले हीरो होतो. रविवारी दुपारी साइटवर जायचं, सँपल फ्लॅटमधलं फॉल्स सीलिंग बघून घायाळ व्हायचं, सेल्सवाल्या मुलीने दिलेली कॉफी प्यायची आणि सोमवारी ऑफिसला पोचायच्या आत टोकन देऊन मोकळं. कागदपत्रं? ती बघू की नंतर. वकील बघेल, बँक बघेल!

गेलं दीड वर्ष मी आणि माझा नवरा पुण्यात घर शोधतोय. बाणेर, वाकड, रावेत, कोथरूड... विकेंडला लोक ट्रेकला जातात, आम्ही फ्लॅट बघायला. आतापर्यंत एकतीस झाले. किचनमध्ये उभं राहून ‘इथे फ्रिज मावेल का’ हे मी आता टेप न लावता सांगू शकते. या एकतीसपैकी निदान वीस ठिकाणी एक वाक्य आम्ही जसंच्या तसं ऐकलं, ‘टोकन द्या मॅडम, पेपर्स लगेच दाखवतो.’

आमचं बजेट ८५ लाख. त्यातले बारा लाख सासऱ्यांचे. ३४ वर्षं एसटीत नोकरी करून जमवलेले. ते द्यायचं ठरवलं तेव्हा बाबा फार काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘नीट बघून घ्या रे.’ उरलेलं वीस वर्षांचं कर्ज. म्हणजे हा ईएमआय संपेल तेव्हा आमची आत्ता नर्सरीत असलेली लेक नोकरीला लागलेली असेल! एवढा मोठा खेळ, आणि त्याचे नियम बघायला मिळणार पैसे लावल्यावर? हे काही पचेना. म्हणून मी जरा खोदायला सुरुवात केली आणि जे सापडलं ते एकदम सॉलिड निघालं.

हक्क आहे, आणि तोही पणजोबांच्या काळापासून!

मला वाटायचं, ग्राहकाचे हक्क वगैरे सगळं रेरा आल्यावर सुरू झालं. साफ चूक. मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे १८८२ चा. त्याच्या कलम ५५ मध्ये लिहिलंय की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर विकणाऱ्याने मालमत्तेतला किंवा स्वतःच्या मालकी हक्कातला मोठा दोष लपवता कामा नये. आणि घेणाऱ्याने मागितली की आपल्याकडची मालकीची कागदपत्रं तपासायला दाखवली पाहिजेत. म्हणजे आपण कागद मागतो तेव्हा कुणाकडे मेहेरबानी मागत नसतो.

आता एजंट म्हणेल, ‘मॅडम, तुम्ही अजून कुठे बायर झालात? टोकन दिलं की बायर!’ चला, क्षणभर मान्य करू. मग पुढचा कायदा काढा. नोंदणी कायदा, १९०८. याच्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या नोंदलेल्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची ठरलेली फी भरून कोणालाही बघता येते, नकला मागता येतात. कोणालाही म्हणजे कोणालाही. तुम्ही बायर आहात की शेजारी की नुसतेच चौकस, हे तिथे कुणी विचारत नाही. आपल्याकडे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, ती याच सूचीतली नोंद.

महाराष्ट्र तर याबाबतीत अजून पुढे. १९६३ साली आपल्या राज्याने मोफा नावाचा कायदा केला. बिल्डरने जमिनीवरचा आपला हक्क आणि त्यावरचे बोजे खरे-खरे उघड करायचे, मंजूर नकाशे मागितले की दाखवायचे, हे त्यात तेव्हापासून आहे. त्या साली आपले आई-बाबा शाळेत होते!

आणि आता गोम. त्याच १८८२ च्या कायद्यात असंही आहे की एखादा व्यवहार रीतसर नोंदलेला असेल, तर पुढच्या खरेदीदाराला तो माहीत होता असंच धरलं जातं. बघितला असो वा नसो! म्हणजे कायदा आपल्याला थंडपणे सांगतो, रजिस्टर उघडं होतं, तुम्ही उघडून बघितलं नाहीत हा तुमचा प्रश्न. हक्काची ही दुसरी बाजू आपल्याला कुणी सांगतच नाही. बघण्याची मुभा आहे, पण न बघितल्याचा भुर्दंडही आपलाच.

टोकनच्या आधीच का?

‘अगं, नंतर वकील बघणारच आहे ना, मग आत्ताच कशाला एवढं टेन्शन?’ हे माझ्या आईचं म्हणणं. पॉइंट आहे. पण जरा आठवा, टोकन दिल्यावर आपल्या डोक्यात काय होतं? पडद्यांचे रंग ठरतात, घराच्या ग्रुपवर फोटो जातात, ऑफिसमधली गँग पार्टी मागते. नंतर वकिलाने शंका काढली की आपल्याला वकीलच खडूस वाटायला लागतो. शिवाय पावतीवर बारीक अक्षरात ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं. आजोबांच्या भाषेत ज्याला इसार म्हणत, ते पैसे आता समोरच्याच्या खिशात असतात. भाव करायची ताकद गेलेली असते. कागदात खोट निघाली तरी आपण स्वतःलाच समजावतो, जाऊ दे, होईल काहीतरी.

टोकनआधी तीच खोट निघाली तर? तर ती फक्त एक माहिती असते. तिच्या जोरावर किंमत कमी करून मागता येते, अट घालता येते किंवा सरळ ‘थँक्यू काका’ म्हणून पुढच्या फ्लॅटला निघता येतं.

राहता राहिली बँक. बँकही कागद तपासते, पण ती तपासते स्वतःचे पैसे सुरक्षित आहेत का हे. पार्किंग तुम्हाला मिळणार आहे का, क्लबहाऊस कधी होणार, याच्याशी तिला देणंघेणं नाही. लोन पास झालं म्हणजे घर पास झालं, असं नाही.

नवं घर घेताय? रेराचं पान उघडा

नव्या प्रोजेक्टमध्ये आपलं काम बरंच सोपं झालंय. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार प्रोजेक्टची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील, तर मात्र सूट आहे. तिथे मोफा कामाला येतो. महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झाला. मोबाइल काढा, स्कॅन करा, प्रोजेक्टची कुंडली समोर! कोड दिसत नसेल तर ‘पी’ने सुरू होणारा नोंदणी नंबर महारेराच्या साइटवर टाका. लॉगिन नको, टोकन नको, एजंटची परवानगी नको.

कायद्यात मंजूर नकाशे आणि टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक मागण्याचा हक्क ‘अलॉटी’ला, म्हणजे ज्याला फ्लॅट दिला गेलाय त्याला आहे. पण वेबसाइट सगळ्यांसाठी खुली असते आणि बिल्डरने दर तीन महिन्यांनी तिथली माहिती ताजी करायची असते. त्यामुळे बुकिंगच्या आधीच आपला अभ्यास पूर्ण होऊ शकतो. मी तिथे काय बघते, सांगू?

पहिलं, ताब्याची तारीख. रावेतच्या एका प्रोजेक्टमध्ये गुळगुळीत ब्रोशरवर ‘पुढच्या दिवाळीत नव्या घरी’ असं छापलं होतं. साइटवरची तारीख होती त्याच्यापुढे दोन वर्षं! सेल्सच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, ती लीगल डेट आहे, आमची डेट वेगळी असते.’ बाळा, उशीर झाला तर पैसे परत किंवा व्याज मागायचा जो हक्क रेराच्या कलम १८ ने दिलाय, तो करारातल्या तारखेवर मोजला जातो. ब्रोशरवरच्या दिवाळीवर नाही.

दुसरं, फेज. त्याच ठिकाणी स्विमिंग पूल, जिम, मिनी थिएटर असं सगळं दाखवलं होतं. नकाशात बघितलं तर पूल तिसऱ्या फेजमध्ये, आणि त्या फेजची नोंदणीच झालेली नव्हती. म्हणजे पूल होईलही, पण तोवर आमची लेक पोहायला दुसरीकडे शिकून परत येईल.

तिसरं, मंजुऱ्या. कुठली परवानगी मिळालीय आणि कुठली बाकी आहे, हे तिथे असतं. किती मजल्यांना मंजुरी आहे ते खास बघा. आपला फ्लॅट बाराव्या मजल्यावर आणि मंजुरी दहापर्यंतच, असा प्रकार असेल तर आपण हवेत घर घेतोय.

चौथं, कर्ज आणि कोर्ट. जमिनीवर बोजा आहे का, वाद चालू आहे का, बिल्डरने गेल्या पाच वर्षांत काय-काय बांधलं आणि त्यात उशीर किती, हे नोंदणीच्या वेळी सांगावं लागतं.

पाचवं, कार्पेट एरिया. एजंटच्या तोंडी ‘हजार स्क्वेअर फूट’, कागदावर साडेसहाशे! रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. भाव नेहमी या आकड्याला भागून बघा. दोन प्रोजेक्टची तुलना तेव्हाच खरी होते.

आणि पार्किंग! सोसायटीतल्या स्टिल्टमधल्या जागा फ्लॅटसारख्या वेगळ्या विकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं. ते प्रकरण आपल्या मुंबईतलंच होतं. तेव्हा ‘पार्किंगचे चार लाख वेगळे’ म्हटलं की कुठलं पार्किंग, कुठल्या कागदावर, हे विचारायचंच.

अजून एक फंडा लक्षात ठेवा. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘आत्ता वीस टक्के भरा, डिस्काउंट देतो’ अशी ऑफर आली की डिस्काउंट कसला ते समजून घ्या.

नंबर दिसला म्हणजे झालं?

नाही हो. डोंबिवली आठवते? कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवल्याचं २०२२ मध्ये उघडकीला आलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेणारे आपल्यासारखेच नोकरदार. त्यांनी नंबर बघितला होता, बँकांनी कर्जं दिली होती. फक्त मुळातला कागदच खोटा होता.

म्हणून बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा महापालिकेशी पडताळून घ्या. बऱ्याच पालिका ही माहिती ऑनलाइन देतात. नाही मिळाली तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डही सरकारी साइटवर बघता येतं. सातबारावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. बँकेचा बोजा, कूळ, वाद अशा नोंदी तिथे सापडतात. ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसलं तर जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, इतकं ध्यानात ठेवा आणि थेट वकिलाला फोन लावा.

रीसेल: इथे खरी परीक्षा

रीसेलमध्ये क्यूआर कोड नसतो. असतो फक्त मालक, एजंट आणि त्यांचा शब्द. इथे मी आमच्या सव्विसाव्या फ्लॅटची गोष्ट सांगते.

वाकडमधला सर्वात वरच्या मजल्यावरचा थ्री बीएचके. हवेशीर, शाळा जवळ, किंमत बजेटच्या जरा वर. तिसरी बेडरूम तर लेकीने बघताक्षणी स्वतःची ठरवून टाकली. भिंतीवर ढगांचा वॉलपेपर होता ना! एजंटकाका कानाशी म्हणाले, ‘उद्या सकाळी दुसरी पार्टी टोकन देतेय. आज एक्कावन्न हजार टाका, पेपर्स संध्याकाळी.’ आम्ही म्हटलं, ‘काका, पेपर्स आज संध्याकाळी, टोकन उद्या सकाळी.’ काका चिडले. पण इंडेक्स टू काही त्यांच्या खिशात नव्हता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी नोंदणी विभागाची ई-सर्च उघडली. जिल्हा, गाव, वर्ष, मिळकत क्रमांक टाकला. कॅप्चाने तीनदा छळलं, पण नोंद सापडली. क्षेत्रफळापुढे लिहिलं होतं, कार्पेट ५७ चौरस मीटर आणि लगतची टेरेस ११ चौरस मीटर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. या फ्लॅटला टेरेस नव्हतीच. म्हणजे होती, पण तिच्यावर आता ढगांचा वॉलपेपर होता!

मग दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन पहिल्या कराराची नक्कल मागवली. त्याला जोडलेल्या नकाशात स्वच्छ टू बीएचके. टेरेस बंद करून काढलेली खोली मंजूर नकाशात नाही, म्हणजे पालिकेची नोटीस कधीही दाराशी. दुसरं काम केलं सेरसाईवर. कर्जासाठी गहाण पडलेल्या मालमत्तांची ही केंद्रीय नोंदणी २०११ पासून आहे आणि नाममात्र फी भरून तिच्यात कुणालाही शोध घेता येतो. ‘लोन जवळजवळ संपलंय’ असं सांगितलेल्या त्या फ्लॅटवर दोन कर्जं दिसली.

आम्ही मालकांना भेटलो. पन्नाशीचे, सज्जन गृहस्थ. दुसरं कर्ज मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेलं, ते त्यांनी न लपवता सांगितलं. टेरेसचं मात्र त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी आठ वर्षांपूर्वी तो फ्लॅट थ्री बीएचके म्हणूनच घेतला होता, थ्री बीएचकेचे पैसे मोजून. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या स्वतःच्या खरेदीच्या दस्तावर तेच आकडे होते आणि खाली त्यांची सही होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तेव्हाही एजंटने सांगितलं होतं, दुसरी पार्टी थांबलीय.’

आम्ही टू बीएचकेचा भाव सांगितला. त्यांना तो परवडणारा नव्हता, तेवढ्यात दोन्ही कर्जं फिटत नव्हती. व्यवहार झाला नाही. परत येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. घर गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं त्या काकांचं. एका माणसाने एकदा कागद न बघता पैसे मोजले की ती खोट संपत नाही. ती पुढच्याच्या गळ्यात पडते, किंवा ज्याच्याकडे उघडी पडते तो अडकतो.

सोसायटीचं काय?

इथे एक बारीक नियम कामाला येतो. सोसायटीचे ताळेबंद, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघायचा हक्क सभासदाला असतो, तुम्हाला नाही. मग सभासद कोण? विकणारे काका! त्यांनाच सांगा, गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि सभांची इतिवृत्तं घेऊन या. त्यात खजिना असतो. गळतीवरून भांडणं, पुनर्विकासाची चर्चा, लिफ्टसाठी येऊ घातलेली वर्गणी, कुणाची किती थकबाकी... सगळं. फ्लॅट बघायला गेल्यावर सेक्रेटरींना नमस्कार करून पाण्याची वेळ विचारली तरी बरंच कळतं.

आणि भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण ओसी म्हणतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं उदाहरण विसरू नका. परवानगी होती पाच मजल्यांची, ऐंशीच्या दशकात इमारती उभ्या राहिल्या त्याहून कितीतरी उंच, एक तर वीस मजल्यांची. लोक तिथे पंचवीस-तीस वर्षं राहिले. मुलं मोठी झाली, लग्नं झाली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बेकायदा मजल्यांच्या विरोधात गेला आणि २०१४ च्या जूनमध्ये पालिकेने तिथली पाणी, वीज, गॅसची जोडणी तोडली. ‘इतकी वर्षं लोक राहतायत म्हणजे ठीकच असेल’ हे लॉजिक इथेच संपतं.

तिकडे कसं असतं?

स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून घर विकायला काढतानाच मालकाला ‘होम रिपोर्ट’ तयार ठेवावा लागतो. त्यात सर्व्हेअरने केलेली पाहणी आणि किमतीचा अंदाज असतो, वीज-इंधनाच्या वापराचा अहवाल असतो आणि मालकाने भरलेली प्रश्नावली असते. घेणारा तो वाचतो आणि मग ऑफर देतो. इंग्लंडनेही २००७ मध्ये असंच एक माहितीचं पाकीट सक्तीचं केलं होतं, पण २०१० मध्ये ते गुंडाळलं. म्हणजे तिकडेही सगळं गोड नाही. तरी ‘आधी माहिती, मग ऑफर’ हा क्रम कायद्यानेच लावून देता येतो, हे स्कॉटलंडने दाखवलंय. आपल्याकडे रीसेलसाठी असा तयार रिपोर्ट नाही. कागद आहेत, पण पाच ऑफिसांत आणि चार वेबसाइटवर विखुरलेले. गोळा आपणच करायचे.

लाज सोडा, यादी धरा!

खरी अडचण कायद्याची नसतेच. ती असते आपल्या मध्यमवर्गीय संकोचाची. ‘एवढं कसं विचारायचं? त्यांना राग आला तर?’ मलाही पहिल्या दोन-तीन वेळा घसा खाकरायला लागला. आता मी फ्लॅट बघायला जायच्या आधीच एजंटला मेसेज टाकते. तुम्हीही ही यादी ढापा, कॉपीराइट नाही!

नव्या घरासाठी: रेरा नंबर, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, वकिलाचा टायटल रिपोर्ट, आपल्या फ्लॅटचा कार्पेट एरिया, कराराचा मसुदा. एजंटचा स्वतःचा रेरा नंबरही मागा. नोंदणीकृत प्रोजेक्ट विकणाऱ्या एजंटला तो लागतो आणि बुकिंगच्या वेळी सगळी माहिती, कागद मिळवून देणं हे त्याचं काम आहे, उपकार नाहीत.

रीसेलसाठी: पहिल्या करारापासूनची सगळी खरेदीखतं, प्रत्येकाचा इंडेक्स टू, ओसी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची आणि विजेची ताजी पावती, कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र. मूळ कागद बघायचे, झेरॉक्सवर प्रेम करायचं नाही. सगळं जमलं की वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट.

आणि अगदीच जीव अडकलाय, घर हातातून जाईल असं वाटतंय? तर टोकन द्या, पण छोटं द्या, चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावतीवर एक ओळ लिहून घ्या, ‘कागदपत्रांची तपासणी समाधानकारक न झाल्यास संपूर्ण रक्कम परत.’ ही ओळ लिहायला समोरचा नाही म्हणाला तर त्याने तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची माहिती फुकट दिली, असं समजा.

गंमत म्हणजे या सगळ्याने घरं हातातून जातात असं काही झालं नाही. ‘दुसरी पार्टी’ उद्या टोकन देणार होती ते तीन फ्लॅट दोन महिन्यांनी तेच एजंट मला पुन्हा दाखवत होते. आमच्या टीममधल्या एका मुलीने हीच यादी हडपसरच्या एका मालकांना पाठवली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळी फाइलच समोर ठेवली. म्हणाले, ‘बरं झालं विचारलंत, आत्तापर्यंत कुणी बघायलाच तयार नव्हतं.’ ती गेल्या गुढीपाडव्याला राहायला गेली.

आमचा बत्तिसावा फ्लॅट या शनिवारी बघायचाय, कोथरूडला. जुनी इमारत, लिफ्ट लहान, पण खिडकीतून टेकडी दिसते म्हणे. काल एजंटचा फोन आला, ‘मॅडम, लोकेशन पाठवलंय आणि इंडेक्स टू, ओसी, सोसायटीचं पत्र पण पाठवलंय. तुमच्याबद्दल ऐकलंय मी.’ पीडीएफ मी आधी बाबांना पाठवली. त्यांनी ती गल्लीतल्या दुकानात प्रिंट करून आणली आणि आता पेन्सिलने खुणा करत बसलेत.